ताणाचं हार्मोन पक्ष्यांच्या स्थलांतरात नेमकं काय करतं?

नॉर्दर्न व्हीटिअर हा चिमणीएवढा पक्षी. वजन जेमतेम 25 ग्रॅम. अलास्कात वीण आटोपली की तो हिवाळ्यासाठी थेट पूर्व आफ्रिका गाठतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा एका बाजूचा प्रवास सुमारे 14,500 किलोमीटरचा आहे. म्हणजे मुंबई ते दिल्ली रस्त्याने दहा वेळा!

अशा प्रवासाला निघताना पक्ष्याच्या रक्तात वाढतं ते चक्क ताणाचं हार्मोन.

हे हार्मोन कोणतं?

ताण आला की माणसाच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. पक्ष्यांमध्ये हे काम मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन करतं. साठवलेली ऊर्जा मोकळी करून शरीराला हालचालीसाठी तयार ठेवणं, हे त्याचं काम.

निघण्याची वेळ आणि हार्मोन

जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर स्थलांतर करणारे व्हीटिअर विश्रांतीला उतरतात. तिथल्या संशोधकांना 2017 साली आढळलं, की रात्री उड्डाण करण्याच्या सुमारास या पक्ष्यांमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेलं असतं. अर्थात, फक्त हार्मोनमुळेच पक्षी निघतो असं यावरून सिद्ध होत नाही. अंगावरची चरबी आणि वाऱ्याची दिशाही महत्त्वाची असते.

हे मोजणं सोपं नाही. पकडल्यामुळेच पक्षी घाबरतो आणि हार्मोन वाढू लागतं. म्हणून मूळ पातळी कळण्यासाठी साधारण 3 मिनिटांच्या आत रक्ताचा नमुना घ्यावा लागतो.

मग ताण चांगला की वाईट?

थोड्या वेळासाठी उपयोगाचा, लांबला तर घातक. पातळी बराच काळ चढी राहिली, तर स्नायूंमधली प्रथिनं झिजू लागतात. पंखांना बळ देणारे छातीचे स्नायू हेच तर पक्ष्याचं इंजिन! त्यामुळे स्थलांतराच्या काळात काही प्रजातींमध्ये ताणाला मिळणारा प्रतिसाद मुद्दाम सौम्य होत असावा, असं काही शास्त्रज्ञ मानतात.

आपला काय संबंध?

वाटेतला थांबा म्हणजे पक्ष्यांचा पेट्रोल पंप. तिथे पोटभर खाणं मिळालं तरच पुढच्या टप्प्यापुरती चरबी साठते. पाणथळ जागेवर भराव पडला किंवा पक्ष्यांना सतत उडवून लावलं, तर खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली ऊर्जाही खर्च होते.

हिवाळ्यात महाराष्ट्राच्या माळरानांवर व्हीटिअरचा भाऊबंद रणगोजा येतो, खाड्यांवर फ्लेमिंगो आणि चिखलपक्षी उतरतात. फोटो किंवा रीलसाठी जवळ जाताना पक्ष्यानं खाणं थांबवून मान वर केली, तर समजा, आपण फार पुढे आलोय. तिथेच थांबा, हळूच मागे या. आपल्यासाठी ती एक पोस्ट असते, त्याच्यासाठी मात्र पुढच्या प्रवासाची शिदोरी.