तुरुंगातील वर्गालाही शिक्षक हवा

तुरुंगात माणूस सुधारतो काय, हा वाद जुना आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी १९७४ मध्ये, सुधारणेच्या बहुतेक प्रयोगांचे फलित नगण्य असल्याचा निर्वाळा दिला आणि केवळ शिक्षेवर भिस्त ठेवणाऱ्यांना बळ मिळाले. पुढील दशकात कॅनडात रॉबर्ट रॉस व एलिझाबेथ फॅबियानो यांनी निराळी वाट दाखविली. अनेक गुन्हेगारांना परिणामांचा आधी विचार करण्याची, दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची सवयच नसते. तेव्हा ती शिकवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्लंड व अमेरिकेतील तुरुंगांत असे अभ्यासक्रम पुढे रूढ झाले.

त्यांची रीत साधी आहे. लहानशा गटापुढे बहुधा दोन मार्गदर्शक असतात. एखादा घडलेला प्रसंग घ्यावयाचा. त्या वेळी कोणते विचार आले, कोणत्या भावना उसळल्या, त्यांमागे कोणत्या समजुती होत्या, हे कैद्यानेच मांडावयाचे. मग निराळ्या वागणुकीचा सराव सर्वांसमक्ष करावयाचा.

परंतु हे काम पुष्कळदा तुरुंगातील कर्मचाऱ्यावरच सोपविले जाते. हुकूम देणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे, हा त्याच्या नोकरीचा धर्म. ‘त्याने माझ्याकडे रोखून पाहिले, म्हणून मी त्याला मारले,’ असे कैदी म्हणाला की त्याला दटावण्याचा वा उपदेश करण्याचा मोह होणारच. तो आवरून, ‘तो पाहत होता तेव्हा तुमच्या मनात काय आले?’ असे विचारणे आणि उत्तर येईपर्यंत थांबणे प्रशिक्षणावाचून साधत नाही. त्यासाठी त्याने सहकाऱ्यांपुढे पाठ घ्यावा, टीका ऐकावी आणि पुढेही जाणकाराच्या देखरेखीखाली काम करावे लागते. बी.एड.चे सराव पाठ घेतलेल्या शिक्षकांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

मार्क लिप्से व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे ४० असेल, तर अशा वर्गांमुळे ते ३० वर येते, असे त्यांना आढळले. अभ्यासक्रमाच्या नावाने विशेष फरक पडत नव्हता. तो किती निष्ठेने राबविला, याने पडत होता. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे वर्ग फलदायी ठरले. पुढच्याच वर्षीच्या पाहणीत मात्र फरक दिसला नाही. मधल्या काळातील झपाट्याच्या विस्तारात गुणवत्ता घसरली, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले.

येथे अर्थशास्त्राचा साधा प्रश्न उभा राहतो. पुस्तिकेचा खर्च एकदाच येतो. माणूस घडविण्याचा खर्च सतत करावा लागतो, कारण प्रशिक्षित कर्मचाऱ्याची बदली होते, नवा पुन्हा घडवावा लागतो. अंदाजपत्रकाची कात्री म्हणूनच प्रथम प्रशिक्षणावर चालते. कागदोपत्री वर्ग भरत राहतात, हजेरीपटही पूर्ण असतो. परंतु सुटून आलेला माणूस जुन्याच विचाराने पुन्हा कोणावर तरी हात उगारतो, तेव्हा त्या बचतीची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.