फज्रची तयारी रात्रीपासून



आपल्या वर्धा जिल्ह्यातील गावागावांत पहाटे अनेक आवाज ऐकू येतात. कुठे कोंबडा आरवतो, कुठे मंदिरातील घंटा वाजते, कुठे गोठ्यात जनावरे हंबरतात. त्यातच मशिदीतून फज्रची अजान ऐकू येते. या अजानमध्ये एक वाक्य जास्त असते. झोपेपेक्षा नमाज उत्तम आहे, असा त्याचा अर्थ आहे. इतर चार वेळच्या अजानमध्ये हे वाक्य नसते. पहाटेची झोप सोडणे सोपे नाही, हे यावरून लक्षात येते.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. तिसऱ्या तासाला तो हमखास पेंगायचा. गणिताच्या चाचणीत तर तो उत्तरपत्रिकेवर डोके ठेवून झोपलाच. अर्धी उत्तरपत्रिका कोरी राहिली. मी त्याच्या आईला शाळेत बोलावले. तिने काळजीने विचारले, "सर, हा रोज फज्रला उठतो. परीक्षा होईपर्यंत याला उठवणे बंद करू का?" मुलगा मान खाली घालून उभा होता. नमाज सांभाळावी की अभ्यास, असा पेच त्या घरात पडला होता.

मी लगेच उत्तर दिले नाही. मुलाला एक वही दिली व सांगितले, "आठ दिवस यात फक्त दोन गोष्टी लिही. रात्री किती वाजता झोपलास आणि पहाटे किती वाजता उठलास."

आठ दिवसांनी वही उघडली. उठण्याची वेळ रोज एकच होती, पाच वाजता. झोपण्याची वेळ मात्र कधी साडेअकरा, कधी बारा आणि एकदा चक्क एक होती. कधी क्रिकेटचा सामना, कधी मोबाइल, तर कधी मित्रांबरोबर गप्पा. म्हणजे दोष पहाटेचा नव्हता, रात्रीचा होता.

झोप म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे. झोपेत शरीराची झीज भरून निघते. वाढीला मदत करणारे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. दिवसभर शिकलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. म्हणून रात्र जागून केलेले पाठांतर सकाळी अनेकदा नीट आठवत नाही. तज्ज्ञांच्या मते १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना दिवसाच्या २४ तासांत ८ ते १० तास झोप हवी. आमच्या त्या विद्यार्थ्याला जेमतेम पाच तास मिळत होती.

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. ते कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार होऊ लागते व झोप येते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की हे घड्याळ पुन्हा जुळते. तुमच्या वयात मेलाटोनिन थोडे उशिरा तयार होते. त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही व सकाळी उठवत नाही. हा केवळ आळस नव्हे. पण रात्री मोबाइलचा प्रखर उजेड डोळ्यांसमोर धरला, तर हे घड्याळ आणखी मागे पडते. फज्रनंतर उजाडताना थोडे मोकळ्या जागेत चालले, तर ते पुढे येते.

आता आपल्या जिल्ह्यातील वेळांचा हिशोब करू. वर्ध्याला जानेवारीत पहाट साडेपाचनंतर होते आणि सूर्य सात वाजण्याच्या थोडा आधी उगवतो. इशाची वेळ सव्वासातच्या सुमारासच सुरू होते. रात्र मोठी असते. नऊ वाजता झोपणारा मुलगा पावणेसहाला उठला, तरी त्याची पावणेनऊ तास झोप होते.

जूनमध्ये मात्र पहाट सव्वाचारच्या सुमारास होते आणि सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात उगवतो. इशाची वेळच आठ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सुरू होते. म्हणजे इशा सुरू झाल्यापासून पहाट होईपर्यंत आठच तास उरतात. इशानंतर सव्वानऊला झोपून पावणेपाचला उठले, तर साडेसात तास झोप होते. राहिलेली झोप दिवसा भरून काढावी लागते. त्यात उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उकाड्यात झोप लवकर लागत नाही. म्हणून अनेक घरांत लोक गच्चीवर किंवा अंगणात झोपतात. मात्र तेव्हा मच्छरदाणी विसरू नये.

ही राहिलेली झोप भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. शाळा उशिरा भरत असेल, तर फज्रनंतर थोडा वेळ पुन्हा झोपता येते. अशा दोन तुकड्यांतील झोपेचा अभ्यास सौदी अरेबियातील रियाध येथे झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. एकूण झोप पुरेशी असेल, तर फज्रसाठी मध्येच उठल्यामुळे दिवसा जास्त पेंग येत नाही, असे त्यात दिसले. हा अभ्यास थोड्याच प्रौढ माणसांवर झालेला होता, हे मात्र लक्षात ठेवावे. दुसरा मार्ग म्हणजे कैलुला, अर्थात दुपारची वामकुक्षी. ती वीस ते तीस मिनिटांची असावी. संध्याकाळी तासन्तास झोपले, तर रात्रीची झोप उडते.

झोपेची ही काळजी दीनच्या शिकवणीतही आहे. पैगंबर साहेबांना इशाआधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे आवडत नसे. हजरत अबू दरदा हे दिवसभर रोजा ठेवत व रात्रभर नमाज पढत. एकदा हजरत सलमान फारसी त्यांच्याकडे मुक्कामाला आले. रात्री अबू दरदा नमाजसाठी उठू लागले, तेव्हा सलमान यांनी त्यांना झोपायला सांगितले. रात्रीच्या शेवटच्या भागात त्यांनी स्वतः त्यांना उठवले आणि दोघांनी नमाज पढली. अल्लाहचा हक्क जसा तुमच्यावर आहे, तसा तुमच्या शरीराचा व घरच्यांचाही आहे, असे सलमान यांनी समजावले. पैगंबर साहेबांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पाहा. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले. पुढे हेच गाव सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. आश्रमात पहाटे चारच्या सुमारास उठून प्रार्थना होत असे. आश्रमाच्या प्रार्थनेत कुरआनातील आयतींचाही समावेश होता. पण तेथे रात्री नऊच्या सुमारास निजानीज होई. गांधीजी दुपारीही थोडी झोप घेत. पहाटे उठण्याचा नियम पाळायचा, तर रात्री लवकर झोपण्याचा नियमही पाळावा लागतो. आपल्याकडे 'लवकर निजे, लवकर उठे' असे म्हणतात. त्यात 'निजे' आधी येते, 'उठे' नंतर.

हे काम एकट्या विद्यार्थ्याचे नाही. माझ्या वर्गातील एका मुलीनेही अशीच वही लिहिली. ती मोबाइल पाहत नव्हती. रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर भांडी घासून ती अकराला झोपत होती आणि सर्वांच्या आधी उठत होती. तिला "लवकर झोप" असे सांगून काय उपयोग? तिच्या भावाने भांडी घासायला सुरुवात केली, तेव्हा तिला एक तास झोप जास्त मिळाली. घराने जेवण लवकर आटोपले, टीव्हीचा आवाज कमी केला आणि कामे वाटून घेतली, तर मुलांची झोप वाचते.

तो विद्यार्थीही एका दिवसात सुधारला नाही. दर तीन-चार दिवसांनी तो पंधरा मिनिटे लवकर झोपू लागला. संध्याकाळनंतरचा चहा त्याने सोडला. मोबाइल रात्री अम्मीकडे देऊ लागला. सुट्टीच्या दिवशीही त्याने वेळ बदलली नाही. सुमारे महिन्याभराने वहीत 'साडेनऊ' हा आकडा दिसू लागला. फज्रनंतरचा शांत तास तो गणिताला देऊ लागला. मार्चमध्ये त्याने बोर्डाची परीक्षा दिली. गणिताच्या पेपरहून परतल्यावर तो मला म्हणाला, "सर, आज शेवटचे उदाहरणसुद्धा सोडवले." त्याच्या आईला त्याला उठवणे बंद करावे लागले नाही.

मित्रांनो, तुम्हीही आजपासून आठ दिवस अशी वही लिहा. आठव्या दिवशी ती आईवडिलांना दाखवा व त्यांच्यासोबत बसून हिशोब करा. फज्रची अजान पहाटे होते, पण तिची तयारी आदल्या रात्री करावी लागते.