बिलासकट की बिलाशिवाय?

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव मिळालं, इथल्या कॉम्प्युटरच्या बाजाराने मात्र जुनंच चालू ठेवलं. परीक्षा संपल्या की इथल्या काउंटरांपुढे बाप-लेकांच्या जोड्या दिसू लागतात. लेकाच्या मोबाइलमध्ये सुट्या भागांची यादी, बापाच्या डोक्यात बजेट. दुकानदार यादीवरून नजर फिरवतो, कॅल्क्युलेटर बडवतो, चिठ्ठीवर आकडे लिहितो आणि बेरीज करायच्या आधी सहज विचारल्यासारखं विचारतो, "बिल हवंय की विदाऊट बिल?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याची किंमत काढता येते. कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे कराआधी ७०,००० रुपयांचा माल असेल, तर कर होतो १२,६०० रुपये. एवढ्यात बरा मॉनिटर येतो, हे लेकाला तोंडपाठ असतं. बापाला सहसा माहीत नसतं ते एवढंच, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि दीड वर्षाने ग्राफिक्स कार्ड बंद पडलं, की सर्व्हिस सेंटरच्या खिडकीत बहुधा पहिल्यांदा मागितला जातो तो हाच कागद.

पहिला गेमिंग कॉम्प्युटर घेताना बहुतेक चर्चा 'काय घ्यायचं' यावर होते. 'कुठून घ्यायचं' हा प्रश्न जिथे दोन हजार कमी पडतील तिथून, असा आपोआप सुटतो. पण असेंबल केलेला कॉम्प्युटर ही एक वस्तू नसते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर अशा आठ वस्तू एकत्र नांदत असतात. प्रत्येकीची कंपनी वेगळी, वॉरंटी वेगळी. ग्राफिक्स कार्डाला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला तीन ते पाच, रॅमला अनेकदा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त. यातलं काही बिघडलं तर नेमकं काय बिघडलं हे आधी कोणीतरी शोधावं लागतं, आणि मग तो भाग योग्य त्या दारात नेऊन द्यावा लागतो. दुकान निवडताना खरं तर हे 'कोणीतरी' निवडायचं असतं.

लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट हे बाजार ऑनलाइन खरेदीच्या लाटेतही टिकून आहेत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. काउंटरवर माल समोर उघडता येतो, मशीन जोडून चालू करून पाहता येते आणि बिघाड झाला की कॅबिनेट उचलून त्याच काउंटरवर ठेवता येतं. तोटाही तितकाच जुना. मागितलेलं मॉडेल शिल्लक नसलं की "ते आता येत नाही, हे घ्या, सेमच आहे" हे वाक्य हमखास येतं.

'सेमच आहे' किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं. हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबी मेमरीसह आलं. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं. ऐकणाऱ्याला वाटतं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात आतल्या कोअरची संख्या २५६० वरून २३०४ वर आली आणि मेमरीकडे जाणारा रस्ता १२८ बिटवरून ९६ बिटवर अरुंद झाला. एएमडीच्या आरएक्स ५८० चीही तीच कथा. त्याची '२०४८ एसपी' अशी एक आवृत्ती आहे. ती मुळात चीनच्या बाजारासाठी निघाली आणि ताकदीने धाकट्या आरएक्स ५७० च्या पंगतीला बसते. नाव थोरल्याचं, अंगकाठी धाकट्याची. म्हणून यादीत नुसतं नाव लिहून भागत नाही. कंपनी, पूर्ण मॉडेल आणि मेमरी लिहावी लागते, आणि बिलावरही तेच उतरलंय का ते पाहावं लागतं.

नावांचा खेळ ऑनलाइन आणखी रंगतो. 'आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग पीसी' अशी जाहिरात आणि सोबत रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट, तेही डोळे विस्फारतील इतक्या स्वस्तात. आत पाहिलं तर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा प्रोसेसर आणि २०१४ साली आलेलं जीटी ७३० कार्ड. जाहिरातीत खोटं काही नसतं, फक्त पिढी सांगितलेली नसते. इंटेलचा २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१०० या दोघांनाही चारच कोअर आहेत, पण गेममध्ये हा 'लहान' आय३ त्या 'मोठ्या' आय७ ला सहज मागे टाकतो. जुन्या मशीनची आणखी एक अडचण आता उभी राहिली आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. त्यावर 'व्हॅलोरंट'सारखा फुकट मिळणारा लोकप्रिय गेम खेळायचा, तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी चालू असाव्या लागतात. स्वस्तातल्या त्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० सहसा नसतंच.

मग ऑनलाइन घेऊच नये का? लातूर किंवा गडचिरोलीत राहणाऱ्याला हा सल्ला देणं म्हणजे थट्टाच. तिथल्या दुकानात एखादं विशिष्ट कार्ड मागवायचं तर आठवडा जातो आणि भाव चढा पडतो. फक्त आपण नक्की कोणाकडून घेतोय, हे ओळखता आलं पाहिजे. परदेशी गुंतवणूक असलेल्या मोठ्या खरेदी-साइटना भारतात स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकायला परवानगी नाही. त्या फक्त बाजार भरवतात, विक्रेता वेगळाच असतो आणि बिलही त्याच्याच नावाचं येतं. त्यामुळे साइट ओळखीची असली तरी विक्रेत्याचं नाव उघडून पाहणं भाग आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनी विक्रेत्याची माहिती आणि परताव्याच्या अटी दाखवणं बंधनकारक केलं आहे. दुसरा पर्याय कॉम्प्युटरच्या भागांतच मुरलेल्या दुकानांचा. लॅमिंग्टन रोडवरचं प्राइम एबीजीबी किंवा कोलकात्याचं एमडी कॉम्प्युटर्स यांसारख्यांचं काउंटरही आहे आणि संकेतस्थळही. काउंटरवरचा भाव घासण्याआधी त्यांचे भाव मोबाइलवर पाहून ठेवणं, हा लॅमिंग्टन रोडवरच्या गिऱ्हाइकांचाही रिवाज झाला आहे.

लांबून माल मागवताना ग्राहक संरक्षण कायद्याची एक तरतूद मोलाची ठरते. विक्रेता कोलकात्यात असला तरी लातूरचा ग्राहक लातूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. पण तक्रारीला पुरावा लागतो. पार्सल उघडण्याआधीपासून मोबाइलवर सलग चित्रीकरण करावं, त्यात पत्त्याचं लेबल, सील आणि खोक्यावरचा सिरियल नंबर दिसावा. हा नंबर वस्तूवरच्या नंबराशी जुळवून पाहायला मिनिटभर पुरतं.

घासाघीस कितीही केली तरी काही वेळा भाव दुकानदाराच्याही हातात नसतो. २०२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामा'साठी ग्राफिक्स कार्डांवर उड्या पडल्या आणि कार्डं कंपनीने जाहीर केलेल्या किमतीच्या दुपटीने विकली गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, खाणकाम थांबलं आणि दिवसरात्र राबलेली तीच कार्डं सेकंडहँड बाजारात येऊन पडली. २०२५ च्या अखेरीस पाळी रॅमची आली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली, भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत दुकानदाराने दिलेलं कोटेशन दुसऱ्या दिवशी टिकेलच असं नाही.

अशा वेळी सेकंडहँडकडे लक्ष जाणं साहजिक आहे. वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण ते घ्यावं चालत्या मशीनमध्ये अर्धा तास गेम लावून, पंख्याचा आवाज ऐकून, आणि जमलं तर मूळ बिलासकट. ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड डबे स्वस्त मिळतात, त्यात कार्ड बसवलं की झालं, असाही एक हिशोब मांडला जातो. इथे अडतं ते एसएमपीएसपाशी. डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या मशीनमध्ये तो अनेकदा कंपनीच्या खास मापाचा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही आणि आहे त्याला कार्ड पेलत नाही.

अमेरिकेतला मामा किंवा दुबईतली आत्या हे मराठी घरांतलं आणखी एक 'दुकान'. तिथला भाव कमी दिसतो. पण अमेरिकेत लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडच्या किमतीत जीएसटी असतो. शिवाय अनेक कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते. कार्ड बिघडलं तर ते पुन्हा मामाच्या बॅगेतूनच परत जाणार.

सुट्या भागांची यातायात नको असलेल्यांसाठी एचपी, लेनोवो, डेल यांचे तयार गेमिंग डेस्कटॉप आहेत. किंमत जास्त, पण वॉरंटीसाठी दार एकच, आणि बऱ्याच मॉडेलांत तंत्रज्ञ घरी येतो. जवळपास चांगलं दुकान नसलेल्या गावात हा पर्याय महाग म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्याला लॅपटॉपच सोयीचा, पण तिथेही नावाने फसायला होतं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनीच्या मर्जीनुसार ३५ वॅटवरही चालतं आणि ११५ वॅटवरही, आणि त्यानुसार वेगातही फरक पडतो. म्हणून मॉडेलच्या माहितीत वॅटचा आकडा शोधावा.

बजेट आवळावं लागलं तर कात्री कुठे लावायची, यावरून दुकानदाराचीही परीक्षा होते. दिव्यांचे पंखे आणि काचेचं कॅबिनेट कमी करा म्हणणारा दुकानदार ऐकण्यासारखा. एसएमपीएस लोकल टाकतो म्हणणारा नाही, कारण तो एक भाग गेला तर जाताना इतरांना घेऊन जाऊ शकतो. पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या गावात तर यूपीएसचे पैसेही आधीच बाजूला काढावे लागतात. ग्राफिक्स कार्ड आत्ता झेपत नसेल, तर रायझन ५ ५६००जी सारखा, पोटातच बरे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन 'व्हॅलोरंट' किंवा 'जीटीए ५' वर सुरुवात करता येते. कार्ड पुढच्या वर्षी येतं.

लॅमिंग्टन रोडवरचे ते बाप-लेक शेवटी बिल घेतात. बिलावर आठही भाग, मॉडेल आणि सिरियल नंबरांसह. मशीन काउंटरवरच जोडून तासभर चालवली जाते, रिकामी खोकी मागून घेतली जातात, आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर कॅबिनेट मांडीवर घेऊन लेक घरी पोचतो. रात्री साडेनऊला दुकानदाराचा फोन वाजतो. गेम अडखळतोय, कार्ड खराब निघालं. दुकानदार जेवता जेवता विचारतो, "मॉनिटरची वायर कुठं लावली? वर मदरबोर्डला? ती काढ, खाली कार्डाला लाव." पलीकडे खुडबुड, मग क्षणभर शांतता, आणि मग हेडफोनमधून गळणारा गोळीबाराचा आवाज.