पळता पळता बोलणारे सर

नाशिकला गंगापूर रोडच्या एखाद्या कॉलेजच्या ग्राउंडवर पहाटे डोकावा. आठ-दहा पोरं-पोरी वॉर्मअपला पळताहेत आणि त्यांच्याबरोबर पळणारे सर अखंड बोलताहेत, "खांदे सोड. टाच आपटू नकोस. काल नीट जेवलीस का?" या सरांना स्वतःलाही मविप्र मॅरेथॉनला उतरायचंय. मनात येतं, या माणसाचा सराव होणार तरी कधी?

गंमत म्हणजे तो आत्ताच चाललाय!

बोलायला काय लागतं बघा. झटकन श्वास आत घ्यायचा आणि शब्दांबरोबर सावकाश बाहेर सोडायचा. बसल्या जागी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, त्यामुळे एका उच्छ्वासात अख्खं वाक्य ऐसपैस मावतं. जीव तोडून पळताना हाच आकडा ५०च्या घरात जातो. म्हणजे एका श्वासाला जेमतेम सव्वा सेकंद, आणि त्यातलाही निम्माच बाहेर सोडायला. तेवढ्यात काय मावणार? फार तर "शाब्बास!"

पण श्वासाची ही घाई करतं कोण? ऑक्सिजन कमी पडतो म्हणून धाप लागते, असं आपण धरून चालतो. खरं तर हुकूम चालतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा. वेग एका हद्दीपलीकडे गेला की स्नायूंमधून येणारं आम्ल रक्तात साचू लागतं. रक्तात बायकार्बोनेट असतं, तेच जे आपल्या खायच्या सोड्यात असतं. सोड्यावर लिंबू पिळलं की जे फसफसतं, तसलाच प्रकार इथे रक्तात होतो आणि जादा कार्बन डायऑक्साइड सुटतो. मानेतल्या धमन्यांपाशी आणि मेंदूच्या बुडाशी काही पेशी सतत रक्त चाखत बसलेल्या असतात. त्यांना हा बदल लगेच कळतो, त्या छातीला पिटाळतात आणि तुमचं वाक्य मधेच तुटतं.

म्हणजे रक्ताचा थेंबही न काढता, कुठलंही यंत्र न लावता, शरीराच्या रसायनशाळेचा रिपोर्ट चक्क तोंडातून बाहेर पडतो! पूर्ण वाक्य येतंय, तोवर आपण हद्दीच्या अलीकडे.

आणि दमसास तयार होतो तो बराचसा या अलीकडच्या बाजूलाच. तासन्‌तासांच्या निवांत पळण्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात, पेशींतली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. जगातल्या अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या सरावाचे तक्ते तपासले, तर साधारण ८० टक्के सराव असाच, गप्पा मारता येतील एवढ्या बेताचा निघतो. मग सर पोरांना समजावत, हसवत, दटावत पळतात, तो काय वाया गेलेला वेळ?

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी हे १९५०च्या दशकात स्वतःच्या पायांवर ताडून पाहिलं. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. कमी-जास्त अंतरं पळून पाहत पाहत आठवड्याला सुमारे १६० किलोमीटरवर येऊन थांबला. १९५३ आणि १९५५ मध्ये देशाचा मॅरेथॉन विजेता झाला, आणि त्याच काळात आजूबाजूच्या पोरांना घेऊन ऑकलंडजवळच्या डोंगररस्त्यांवर ३५ किलोमीटरचा फेरा मारू लागला. त्यातला पीटर स्नेल तर ८०० मीटरवाला! दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी ३५ किलोमीटर? लोकांनी वेड्यात काढलं असेल. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं ८०० मीटरचं आणि लिडियार्ड यांच्याच मरे हॅल्बर्गनं ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तेही एकाच दिवशी, तासाभराच्या आत.

मग आपल्या सरांचं अडतं कुठे? तर वेगाच्या दिवशी. हरसूलजवळच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत नाशिकमध्ये कोच विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तिनं १०,००० मीटरचं रौप्य मिळवलं ते ३१ मिनिटं ५१ सेकंदांत. म्हणजे ४०० मीटरची एकेक फेरी साधारण ७६ सेकंदांत, अशा २५ फेऱ्या! आता ४० मिनिटांत १० किलोमीटर पळणारे सर घ्या. हौशी धावपटूंत ही वेळ झकासच, पण त्यांची फेरी पडते ९६ सेकंदांची. अशा पोरीबरोबर पळायला गेले तर पहिल्याच फेरीत मागे पडतील, बोलणं राहिलं दूर. तिथे स्टॉपवॉच घेऊन कडेला उभं राहणंच बरं. स्वतःच्या वेगाच्या फेऱ्या मग वेगळ्या वेळी, एकट्यानं.

त्यातही मेख आहे. उभं राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. पोटऱ्या हलल्या की शिरांवर दाब पडून रक्त वर ढकललं जातं. दोन तास एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद आणि पाय जड. आदल्या दिवशी लाँग रन झालेला असेल तर विचारूच नका. म्हणून जाणते कोच मैदानाच्या आतल्या बाजूनं येरझारा घालत वेळ घेतात. बघणाऱ्याला वाटतं, सर वैतागलेत.

आणि बोलण्याची ती हद्द तरी कुठे जागेवर थांबते? सराव वाढेल तशी ती पुढे सरकते, आणि विशीतल्या पोरांची भराभर. पहिल्या वर्षी "सर, जरा हळू" म्हणणारी मुलगी तिसऱ्या वर्षी त्याच वेगात मेसच्या भाजीपासून परीक्षेच्या वेळापत्रकापर्यंत सगळं सविस्तर सांगत असते, आणि शेजारून सर म्हणतात, "हं."