पॅडल वर ओढायचं असतं का?

नाताळच्या सुट्टीत अलिबागहून मालवणपर्यंत सागरी मार्गाने सायकलवर जायचा बेत आखलेल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. सायकलच्या दुकानात त्यांना सांगण्यात आलं, की क्लीटचे, म्हणजे तळव्याला पॅडलमध्ये अडकणारी खिट्टी असलेले बूट घ्या. पाय पॅडलला अडकवला, की खाली दाबताना जोर लावतो तसा वर येतानाही पॅडल ओढता येतं आणि तेवढ्याच दमात जास्त अंतर कापता येतं. हे खरं का, आणि एवढा खर्च करावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय शोध सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे. आर. पी. स्कॉट या अमेरिकन गृहस्थांनी १८८९ साली सायकलवरच्या आपल्या पुस्तकात ‘सायक्लोग्राफ’ नावाच्या उपकरणाचं वर्णन केलं. पॅडलवर पडणारा दाब ते थेट कागदावर रेघेने उमटवत असे. पाय नेमका कुठे किती जोर लावतो, हे अंदाजाने सांगण्याऐवजी मोजावं, हे त्या काळात त्यांना सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं. ब्रिटिश अभियंता आर्किबाल्ड शार्प यांनी १८९६च्या ‘बायसिकल्स अँड ट्रायसिकल्स’ या ग्रंथात या उपकरणाची दखल घेतली. शार्प यांचा ग्रंथ १९७७ साली पुन्हा छापला गेला, स्कॉट मात्र जवळजवळ विस्मरणात गेले. पायाचा जोर मोजणारे आजचे पॉवर मीटर हजारो रुपयांना विकत घेणाऱ्यांनी त्यांचं नाव तरी ऐकलेलं असावं.

स्कॉटनंतर मोजमाप खूप सूक्ष्म झालं आणि त्यातून दिसलं ते असं: एकसारख्या वेगाने चालवताना मुरलेला सायकलपटूसुद्धा वर येणारं पॅडल ओढत नाही. उलट त्याचा तो पाय पॅडलवर थोडा भार ठेवूनच वर येतो. त्याला वाटत असतं की आपण ओढतोय, आणि उपकरण सांगतं की नाही.

मग हा भार वाया जातो का? विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंना दोन पोहरे बांधले, तर खाली जाणाऱ्याच्या वजनाने दुसरा वर येतो. सायकलच्या दोन क्रँकचं तसंच आहे. साठ किलोच्या माणसाचा एक पाय साधारण दहा किलोचा असतो. एक दहा किलो खाली उतरताना दुसरे दहा किलो आपोआप वर चढतात. वरचा पाय मुद्दाम उचलला, तर दुसऱ्या पायाचं काम तेवढं हलकं होतं, पण ते काम मांडीच्या पुढच्या आणि कुल्ल्याच्या दणकट स्नायूंकडून काढून पाय उचलणाऱ्या तुलनेने कमकुवत स्नायूंकडे जातं.

२००७ साली कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ सायकलपटूंना चार तऱ्हांनी पॅडल मारायला लावलं: नेहमीसारखं, गोल फिरवल्यासारखं, दाबण्यावर भर देऊन आणि ओढण्यावर भर देऊन. ओढण्याच्या तऱ्हेत पॅडलवरचा जोर कागदावर सर्वांत सुबक दिसला, मात्र शरीराने त्याच कामासाठी जास्त ऊर्जा खर्च केली. २०१६ साली कोलोरॅडो विद्यापीठात स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी साधे धावण्याचे बूट घालून सपाट पॅडल मारणारे आणि क्लीटवाले यांची तुलना केली. हलक्या ते मध्यम जोराला ऊर्जेच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. सामान लादून दिवसभर चालणारी सायकल याच जोरात चालते. शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला उसळी मारायची तर क्लीटचा फायदा आहे, पण मालवणला कोणी उसळी मारून पोचत नाही.

तेव्हा दुकानातला तो युक्तिवाद बाजूला ठेवावा आणि बुटांकडे चालणाऱ्याच्या नजरेने पाहावं. इथे मला सायकलपटू युजेन क्रिस्टोफ आठवतात. १९१३च्या टूर द फ्रान्समध्ये तुर्माले घाट उतरताना त्यांच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. बाहेरून मदत घ्यायची नाही, असा नियम. सायकल खांद्यावर घेऊन ते दहा किलोमीटरहून जास्त अंतर चालत सेंट मारी द कांपां या गावी उतरले, तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्यांनी तो फोर्क स्वतःच्या हाताने जोडला. त्यात काही तास गेले. वर एका पोराने भाता ओढून दिला म्हणून परीक्षकांनी दहा मिनिटांचा दंड ठोकला, तो पुढे कमी झाला. या क्रिस्टोफ यांचंच नाव पुढे पाय पॅडलला बांधणाऱ्या टो-क्लिपच्या प्रसिद्ध ब्रँडला मिळालं. ज्यांचं नाव पाय जखडणाऱ्या साधनावर आलं, ते आजही लक्षात आहेत ते मात्र त्यांच्या पायी चालण्यामुळे.

टो-क्लिपची जागा घेणारं क्लीटचं पॅडल १९८४ साली फ्रान्सच्या ‘लूक’ कंपनीने आणलं. ही कंपनी मूळची बर्फावरच्या स्कीचे बूट अडकवणारी कुलुपं बनवणारी. पडल्यावर पाय मोडण्याआधी बूट सुटला पाहिजे, हे तंत्र तिच्या हातात आधीच होतं. बर्नार हिनो यांनी १९८५ची टूर ही पॅडल वापरून जिंकली आणि शर्यतीतल्या सगळ्यांचे पाय पाहता पाहता अडकले. पण त्या बुटांचं प्लॅस्टिकचं क्लीट तळव्याबाहेर आलेलं असतं, त्यावर चालणं म्हणजे कसरत. शिमानोने १९९०च्या सुमारास डोंगरवाटांवर सायकल उचलून चालणाऱ्यांसाठी एसपीडी काढलं. दोन स्क्रूंचं छोटं धातूचं क्लीट रबरी तळव्याच्या खाचेत दडलेलं. प्रवासासाठी क्लीट घ्यायचंच तर हे घ्यावं.

सागरी मार्गावर याचं महत्त्व पटकन कळतं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींवर सायकल ढकलत न्यायची असते. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, वर सायकलच्या मागे सामानाचं ओझं असतं. तिथे बुटाचा तळ किती पकड देतो, एवढंच महत्त्वाचं. शिवाय देवळाच्या पायऱ्या, जांभ्याची पायवाट, वाळू, खानावळ. दर थांब्याला बूट काढण्या-घालण्याचा कंटाळा आला, की माणूस थांबायचंच टाळतो आणि मग प्रवासाचं काय उरलं?

माझा कौल रुंद, सपाट पॅडलला आहे. त्यावर बारीक खिळे हवेत, म्हणजे ओल्या पावसाळी दिवसातही तळवा घसरत नाही. बूट साधेच, पण तळ जरा कडक असावा. फार मऊ तळातून पॅडलची कड चवड्याला टोचत राहते. अति कडकपणाही नको. कार्बनच्या तळव्याच्या बुटात चवड्याखालचा दाब वाढतो, असं मोजमापात आढळलं आहे, आणि चवड्याची आग होणं व बोटं बधिर होणं ही लांब पल्ल्याची नेहमीची तक्रार आहे. सपाट पॅडलवर पाऊल दर तासाला थोडं पुढेमागे सरकवता येतं. चवड्याऐवजी किंचित मागचा भाग आसावर आला, की पोटरीवरचा ताण कमी होतो.

क्लीटची सवय असेल तर ती मोडायचीही गरज नाही. खडबडीत रस्त्यावर आणि उतारावर पाय जागेवर राहतो, हा फायदा खरा आहे. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशी पॅडल मिळतात, एसपीडीची सँडलही मिळते आणि कोकणच्या दमट हवेला ती फार चांगली. फक्त क्लीटमध्ये टाच आडवी फिरायला थोडी मोकळीक ठेवा, नाहीतर गुडघा तक्रार करतो. आणि नवं क्लीट निघायच्या आदल्या दिवशी लावू नका.

परतताना कोकण रेल्वेने सायकल पाठवायची तर पॅडल काढावी लागू शकतात. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून जोर लावला की आटे खराब होतात. उलट्या आट्याचं कारण असं: क्रँकच्या आट्याच्या भोकात पॅडलचा आस केसभर सैल असतो आणि पायाचा भार त्याच्याभोवती फिरत राहतो. त्यामुळे आस कणाकणाने विरुद्ध दिशेने सरकतो. डाव्या बाजूला सरळ आटे असते तर पॅडल आपसूक सुटत गेलं असतं. म्हणून खूण अशी ठेवा: पान्याचं हँडल वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढलं, की दोन्ही पॅडल सुटतात.