स्वयंपूर्ण खेड्याचा बाजारहाट

आपले जुने खेडे स्वयंपूर्ण होते, असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. या समजुतीचे मूळ जुने आहे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली हिंदुस्थानातील खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली. गावाला लागणारे जवळजवळ सगळे गावातच मिळते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे राष्ट्रीय चळवळीने ही कल्पना आपलीशी केली, आणि गाव सोडून शहरात आलेल्यांच्या आठवणींनी तिला गहिवर दिला. पण १९४० ते १९६० या वीस वर्षांतले देशावरचे कोणतेही खेडे घेतले आणि त्याच्या रोजच्या गरजांचा हिशेब मांडला, तर वेगळेच चित्र दिसते. आठवड्याचा बाजार चुकला तर या खेड्याची चूल अडत होती. एवढेच नव्हे, तर बाजारात त्याला मिळणारा भाव बऱ्याच वेळा बाजारात ठरतच नव्हता. तो सावकाराच्या चोपडीत आधीच ठरलेला असे. माझ्या मते त्या काळच्या ग्रामीण जीवनाची खरी कळ इथे आहे.

आधी गरजांकडे पाहू. मीठ देशावरच्या कोणत्याही शेतात पिकत नाही. ते पेण-उरणच्या आगरांतून घाट चढून यायचे. एके काळी लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून आणि नंतर रेल्वेने व मालमोटारीने. लोखंड गावात होत नव्हते; लोहार होता, पण त्याच्या ऐरणीवरचे लोखंड विकतचे. कापडाचे तेच. गावातले माग बंद पडून पिढी उलटली होती, आणि लुगडी-धोतरे मालेगाव, इचलकरंजी, सोलापूरहून येत. घासलेट, काड्यापेटी, चहाची पुडी आणि साखर या चारही वस्तू पन्नास वर्षांत खेड्यात घुसल्या आणि कायमच्या राहिल्या. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ओसरीवर टांगला गेला. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर निघू लागला, तेव्हा शेतकरी प्रथम त्याला बिचकला, पण पुढे तोच नांगर बऱ्याच घरांत आला. लाकडी नांगर सुतार बलुत्यावर करून देई. लोखंडी नांगराला आणि त्याच्या फाळाला रोख पैसे मोजावे लागले. म्हणजे शेतीचे मुख्य अवजारच बाजाराच्या हाती गेले.

यावर पहिला आक्षेप बलुत्याचा येतो, आणि तो वजनदार आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग अशा बलुतेदारांनी वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यायचा, या व्यवहारात पैशाला जागा नव्हती. मग गाव बाजारावर अवलंबून होते असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर बलुत्याची मर्यादा बारकाईने पाहिली की मिळते. बलुते मुख्यतः नेहमीच्या कामाचे होते. चांभाराने मोट शिवून द्यायची, वहाणेला टाका घालायचा हे बलुत्यात बसे. नवा जोडा हवा असेल तर त्याचे वेगळे द्यावे लागे. कुंभाराची नित्याची गाडगी बलुत्यात येत, पण उरलेली भट्टी तो गाढवावर लादून बाजाराच्या गावी नेई आणि परगावच्या गिऱ्हाइकाला रोखीने विकी. मांग घायपाताचे दोर, कासरे, दावी वळून बाजारात मांडी. बलुतेदारालाही मीठ, कापड, घासलेट लागतच होते, आणि ते खळ्यावरच्या ज्वारीने भागत नव्हते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही व्यवस्था आतून किती खिळखिळी झाली होती ते दाखवले आहे, आणि ते महसूल खात्यात राहून गावे पाहिलेल्या माणसाचे लिखाण आहे. बलुते आणि बाजार हे एकमेकांचे पर्याय नव्हते. बलुते अपुरे होते म्हणून बाजार होता.

बाजार आठवड्याने भरायचा, यालाही कारण होते. चार-पाचशे वस्तीच्या गावात कापडाचे किंवा भांड्याचे दुकान रोज चालणार नाही, कारण तेवढी खरेदी नाही. म्हणून आसपासच्या गावांनी वार वाटून घेतलेले असत आणि व्यापारी त्या वर्तुळात फिरत राहायचा: आज या गावी, उद्या त्या गावी, आठव्या दिवशी पुन्हा पहिल्या ठिकाणी. शेतकरी चालत किंवा बैलगाडीने जाऊन संध्याकाळी परत येईल एवढ्या अंतरावर एक तरी बाजार असे. जनावरांच्या बाजारांचे वर्तुळ याहून मोठे. बेल्ह्याचा सोमवार, घोडेगावचा शुक्रवार, काष्टीचा शनिवार, सांगोल्याचा रविवार हे वार दूरदूरच्या शेतकऱ्यांना पाठ असत. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आठवडी बाजारांचा मुद्दाम अभ्यास केला, तो १९७० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. समाजशास्त्राने एरवी जात आणि कुटुंब यांवर जेवढे लक्ष दिले, त्याच्या दहाव्या हिश्शानेही बाजाराकडे दिलेले नाही. खेड्यातली बाई तिच्या माहेरच्या माणसाला भेटायची ती बाजारात, सोयरीक जुळायची ती बाजारात, कोर्टाची तारीख आणि रोगाची साथ कळायची तीही तिथेच. असे असताना ही उपेक्षा खटकते.

बैलाचा सौदा जवळून पाहिला तर बाजाराचे आतले काम कळते. गिऱ्हाईक बैलाचे तोंड उघडून दात बघतो: आदत आहे, दोनदाती आहे की चारदाती. मग तो चालवून, जू मानेवर देऊन पाहतो, मारका आहे का, ओढताना बसतो का, याची खात्री करून घेतो. एवढे झाल्यावर बोलणे थांबते आणि हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, पुढे येतो. उपरणे किंवा धोतराचा सोगा हातावर टाकून त्याच्याआड तो आधी विकणाऱ्याची आणि मग घेणाऱ्याची बोटे दाबतो. बोट दहाचे की शंभराचे हे समजुतीने ठरलेले असते. तोंडाने एकही आकडा निघत नाही. मान नकारार्थी हलते, बोटे पुन्हा धरली जातात आणि शेवटी विसार हातावर पडला की सौदा पक्का. या रीतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण तिचा आर्थिक परिणाम असा की शेजारच्या खुंट्याचा बैल कितीला गेला हे शेतकऱ्याला कळत नसे, हेडीला मात्र कळत असे. पेरणी तोंडावर आलेल्या, एका बैलाने अडलेल्या माणसाकडून जास्त काढायचे आणि दुष्काळात वैरणीअभावी जनावर विकायला आणणाऱ्याला कमी द्यायचे, यासाठी याहून सोयीची पद्धत नाही. धान्याच्या अडतीवरही रुमालाखाली भाव ठरवण्याची हीच चाल होती, आणि नियंत्रित बाजारांनी तिच्या जागी उघड लिलाव आणला तो उगीच नव्हे.

मापांची गोष्टही अशीच आहे. धान्य वजनाने नव्हे तर मापाने जायचे: दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि पायल्यांचा मण. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. पहिले माप ओतताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, ही मोजणीची रीत. माप सपाट भरायचे की शीग लावून, यात सगळी गोम होती. शेतकरी सुगीला दुकानदाराकडे धान्य घाली ते शिगेने घेतले जाई. तोच आषाढात खायला धान्य न्यायला आला की माप काठाबरोबर येई. घरची बाई पदराआड मापटेभर ज्वारी नेऊन मीठ-मिरची आणी, तेव्हाही ज्वारीचा भाव दुकानदाराचा आणि मिरचीचाही दुकानदाराचाच. मोठ्या बाजारपेठेत अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता अशा कपाती होत. मराठवाड्यात यात चलनाची भर होती. निजामी राज्यात हाली सिक्का चाले, सरहद्दीपलीकडे इंग्रजी कलदार, आणि साधारण सात हालीला सहा कलदार असा दर. सीमेवरच्या बाजारात दोन चलनांचा हिशेब, शिवाय करोडगिरीच्या नाक्यावरची जकात! ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला हा हिशेब तोंडी करता येत असे, पण तपासता येत नसे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शेतकऱ्याने धान्य विकायचे कधी? शेतसारा, सावकाराचा हप्ता, लग्नसराई, सगळे सुगीनंतर एकदम अंगावर येते. सगळ्यांची रास एकाच वेळी बाजारात येते आणि भाव पडतो. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, तेव्हा तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावे लागते, नाही तर सवाई-दिढीने उसने: आज पायली न्यायची आणि सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत करायची. ही दिढी सहा महिन्यांत पन्नास टक्के होते. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी केली. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे तिच्यात होती, तिच्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि आपले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य. १९५४ च्या अहवालात आलेले आकडे आजही थक्क करतात. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा जेमतेम ०.९ टक्के. अनेक ठिकाणी सावकार हाच धान्याचा खरेदीदार होता आणि तोच दुकानदार. ज्याच्याकडून उधार घ्यायचे त्यालाच माल घालायचा असेल तर भावाची घासाघीस कोण करणार? म्हणून मी म्हणतो की भाव चोपडीत ठरत होता. रयतेला हे फार आधीपासून कळत होते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी आसपासच्या रयतेने सावकारांवर हल्ला करून हिशेबाच्या वह्या आणि कर्जखते मागितली. सुपे हे बाजाराचे गाव होते. रयतेचा रोख कागदांवर होता, कारण आपण कुठे अडकलो आहोत हे तिला पक्के ठाऊक होते.

सावकार नसता तर बियाणे कोणी दिले असते, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. अडीअडचणीला रात्री दार उघडणारा गावात तोच होता, आणि दुष्काळात वसुली थांबवणारे सावकारही होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यापासून १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यापर्यंत जे कायदे झाले, त्यांनी सावकारावर लगाम घातला, पण त्याच्या जागी दुसरा पुरवठादार उभा केला नाही. म्हणून त्यांचा गुण अर्धवटच आला. पण गरज होती म्हणजे व्यवहार न्याय्य होता, असे यातून निघत नाही. दुसरा आक्षेप स्वस्ताईचा. त्या काळी आण्या-पैशात पिशवी भरायची, असे ज्यांना आठवते त्यांनी तेव्हाची मजुरीही आठवावी. १९५०-५१ च्या शेतमजूर चौकशीत पुरुषाची देशातली सरासरी रोजची मजुरी दशमान पैशांत एक रुपया नऊ पैसे निघाली, बाईची अडुसष्ट पैसे. १९५६-५७ च्या दुसऱ्या चौकशीत ती वाढण्याऐवजी अनुक्रमे शहाण्णव आणि एकोणसाठ पैशांवर उतरली होती. हे पैसेही वर्षातले बरेच दिवस मिळत नव्हते. वस्तू स्वस्त दिसत होत्या, पण हातात पैसा नसणाऱ्याला त्या स्वस्त नव्हत्या.

बाजार सगळ्यांना मोकळा होता, हीही समजूत पुरती खरी नाही. तेथे कुणीही येऊ शकत होता, पण कुणीही काहीही विकू शकत नव्हता. दलित विक्रेत्याकडचे दूध, भाजी, खाण्याचा पदार्थ सवर्ण घेत नसत. त्याच्याकडून दोर, केरसुणी, सरपण, गवताचा भारा मात्र चाले. चहाच्या दुकानात त्याची कपबशी वेगळी ठेवलेली असे, १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानंतरही. तरीही बाजार आणि बलुते यांत एक फरक होता, आणि तो मला निर्णायक वाटतो. बाजारात दोराला भाव होता. भाव पटला नाही तर दोर परत नेता येत होता. बलुत्यात, आणि महारकीच्या वतनात तर विशेषच, नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या सक्तीविरुद्ध. वतने प्रत्यक्ष रद्द होण्याचा कायदा १९५८ साली झाला. मधल्या काळात, विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर, अनेक गावांतल्या महारांनी मेलेली जनावरे ओढणे आणि बलुते मागणे स्वतःहून सोडले आणि त्याची किंमत बहिष्काराच्या रूपाने मोजली. स्वयंपूर्ण गाव मोडल्याचे दुःख करताना हे विसरून चालणार नाही.

पुढचा बदल झपाट्याने झाला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि काही वर्षांत तालुक्याचे गाव हाताशी आले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले. आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस असे कोष्टक दुकानादुकानात लागले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आले आणि चिपटे-मापटे माळ्यावर गेले. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव, वजनकाटा आणि हिशेबपट्टी यांचा अंमल राज्यभर आणला. हे सगळे शेतकऱ्याच्या बाजूचे होते. पण सुगीला विकायचे आणि पावसाळ्यात घ्यायचे, ही त्याची अडचण केवळ काटा बदलून सुटणारी नव्हती. तिला गोदाम आणि वेळेवर कर्ज लागत होते.

या इतिहासाचा मोठा भाग अजून लिहायचा आहे, विशेषतः बायकांचा. अंडी, कोंबडी, तूप, भाजीची जुडी विकून आलेला पैसा कोण खर्च करीत होते, कशावर करीत होते, हे पाहण्यांच्या आकड्यांत जवळजवळ नाही. ज्यांच्या वाड्यात, माळ्यावर, दुकानाच्या फडताळात १९६० पूर्वीच्या चोपड्या, बाजारवसुलीच्या पावत्या, जनावरांचे दाखले पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा एखाद्या संशोधन मंडळाकडे द्यावेत. आणि ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीची आजी आहे, त्यांनी तिच्या आईच्या हातात बाजारच्या दिवशी काय असायचे आणि येताना काय यायचे, हे विचारून तारीख घालून लिहून ठेवावे.