पिकअप दोन इंच वर घ्यायची, पण नेमकं काय वर घ्यायचं?

गेल्या व्याख्यानात आपण साध्य आणि साधन यांच्याबद्दल बोललो. ते ऐकून मालवणकडच्या एका श्रोत्याने प्रश्न पाठवला आहे : "सर, पिकअप दोन इंच वर घेतली तर काय बिघडतला?" गाडी रोजच्या धंद्याची आहे. पहाटे मासळीचे क्रेट, कधी चिरे, हंगामात आंब्याच्या पेट्या. घराकडची पाणंद पावसात धुपते, चाकांच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हे कशाला विचारायचं, असं कुणाला वाटेल. पण माझीही एक जुनी पिकअप नारळ वाहते, आणि प्रश्न खरा असेल तर तो कुठल्या खात्याचा आहे हे मी फारसं बघत नाही.

"गाडी वर घेणे" या दोन शब्दांत एक गफलत लपलेली आहे. गाडी म्हणजे एक वस्तू नव्हे. निदान तीन थर धरा : खाली चाकं आणि अ‍ॅक्सल, मध्ये पाटे, वर चॅसी आणि हौदा. सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे पाट्यांपाशी केलेली उंची, फक्त वरचा थर उचलते. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोल डबा लोंबतो, तो होता तिथेच राहतो. पिकअपखालचा सगळ्यात सखल भाग बहुधा तोच असतो! तो उचलायचा तर टायरच मोठे हवेत, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच डबा वर जाईल.

हिशेब करून बघा. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे डिफरन्शियल वर गेलं फक्त १५ मिलिमीटर, अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ च्या वर पळत असेल.

तेव्हा पहिलं काम खर्चाचं नाही, वाकून बघण्याचं आहे. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या आणि घासल्याची ताजी चकाकी कुठे दिसते ते शोधा. डिफरन्शियलच्या डब्यावर असेल तर पाट्यांची लिफ्ट तुमच्या उपयोगाची नाही. त्यापेक्षा पाणंदीत दोन ट्रॉली जांभ्याची खडी टाकून चाकोऱ्या भरून घ्या, स्वस्त पडेल. चॅसीच्या आडव्या पट्टीवर, सायलेन्सरवर किंवा व्हाळातून वर चढताना मागच्या बंपरवर ओरखडे असतील, तर मात्र लिफ्टचा विचार करायला अर्थ आहे.

दुसरं काम मोजण्याचं. चाकाच्या केंद्रापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. चारही चाकांना, गाडी रिकामी असताना आणि भरल्यावर. त्याच मॉडेलची नवी गाडी कुठे दिसली तर तिचंही माप घ्या. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण मासळीच्या क्रेटमधलं खारं पाणी वर्षानुवर्षं पाट्यांवर ठिबकतं. पाने गंजतात, बुश झिजतात आणि ओझ्याने पाट्यांचा बाक उतरतो. अशी गाडी हळूहळू खाली बसते आणि मालकाला कळतही नाही. ज्याला "लिफ्ट" हवी आहे असं वाटतं, त्याला पुष्कळदा फक्त कंपनीने दिलेली मूळ उंची परत हवी असते. नवे पाटे, नवे बुश टाकले की काम होतं. ही सुधारणा नव्हे, दुरुस्ती आहे. तिच्यात पुढे सांगणार आहे तो धोकाही नाही.

आता धरून चालू की पाटे ठीक आहेत आणि तरीही पोट घासतं. मग मागची बाजू वर घ्यायचे मार्ग कुठले? जादा पान घालणे, लांब शॅकल लावणे, किंवा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवणे. शॅकल दोन इंच लांब केली तर उंची साधारण एकच इंच मिळते, कारण पाट्याचं एकच टोक हलतं. त्यात अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो. घरघर सुरू झाली तर कारण तिथे शोधा. जादा पानाने उंची मिळते, पण रिकामी गाडी उडायला लागते. आणि एक गैरसमज जबर आहे : पान वाढलं म्हणजे वजन वाहायची ताकद वाढली. नाही हो! नोंदणीच्या पुस्तकातलं एकूण वजन ब्रेक, अ‍ॅक्सल, चॅसी, टायर या सगळ्यांना धरून ठरलेलं असतं. पाटा वाकला नाही म्हणून बेअरिंगवरचा भार कमी होत नाही.

पुढच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग असतात आणि दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. तिथे स्पेसर घातला की चाकांचा कल बदलतो, अलाइनमेंट करावीच लागते. फोर-व्हील असेल तर पुढच्या शाफ्टचे जॉइंट जास्त कोनात फिरतात, त्यांचे रबर लवकर फाटतात. पुढची बाजू वर गेली की हेडलाइटही वर बघू लागतात. रात्री हायवेवर समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारत जाणं हा काही आपला हक्क नव्हे. त्यामुळे दिवे खाली करून घ्यायचे.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे व्याख्यान घेतलं.

न्यायशास्त्रातलं अनुमानाचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं ते व्याप्तीवर, म्हणजे धूर आणि अग्नी यांच्या अखंड संबंधावर. पण उलट बाजूने, "जिथे अग्नी तिथे धूर" असं म्हणाल तर फसाल. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. अशा लपलेल्या अटीला नैयायिक "उपाधी" म्हणतात.

तुमच्या गाडीखाली असंच अनुमान करणारा एक तुकडा बसवलेला असतो. बऱ्याच पिकअपना, विशेषतः जुन्या गाड्यांना, मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एक दांडी किंवा स्प्रिंग, एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं चॅसीवरच्या व्हॉल्व्हला. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं. हौदा रिकामा असेल तर मागची चाकं हलकी होतात, जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरतं. म्हणून रिकाम्या गाडीत मागचा ब्रेक कमी हवा, भरलेल्या गाडीत जास्त. पण व्हॉल्व्हकडे वजनकाटा नाही. तो फक्त अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यातलं अंतर बघतो. अंतर कमी, म्हणजे गाडी बसली, म्हणजे ओझं आहे. अंतर जास्त, म्हणजे गाडी रिकामी.

ही व्याप्ती खरी आहे, पण तिला एक उपाधी आहे : पाटे मूळचे असले पाहिजेत. तुम्ही दोन इंच वर घेतलं की ती अट मोडते. हौदा भरलेला, पण व्हॉल्व्हला अंतर जास्त दिसतं. तो समजतो गाडी हलकी आहे, आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो.

आता आंबोली घाट डोळ्यांसमोर आणा. आपला आंबा घाट चढून जातो आणि घाटावरची भाजी घाट उतरून येते. म्हणजे उतारावर गाडी भरलेली. जुलैचा पाऊस, धुकं, वळणामागून वळण. मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत, म्हणून सगळं काम पुढच्यांवर पडतं. ते तापतात, आणि तापलेला ब्रेक हळूहळू धरेनासा होतो. ड्रायव्हर म्हणतो, "काल तर चांगले होते ब्रेक." होतेच. काल गाडी रिकामी होती. गॅरेजच्या दारात, सपाट रस्त्यावर घेतलेल्या चाचणीत हा दोष सापडतच नाही.

उपाय अवघड नाही. व्हॉल्व्हचा ब्रॅकेट किंवा दांडी लिफ्टइतकीच सरकवून, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्यावी लागते. ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ताणला जात नाही ना, हेही बघायचं. ठोकळे आणि यू-बोल्ट विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नाही, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. एबीएस आणि ईबीडी असलेल्या काही नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो, म्हणून आपल्या गाडीला आहे की नाही हे खाली वाकून बघा. मोठ्या टायरने ही गडबड होत नाही, कारण अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यातलं अंतर तेच राहतं.

मग माफक म्हणजे किती? अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की मध्यम हा गणितातला मध्य नव्हे. मिलो नावाच्या पैलवानाला पुरणारं अन्न नवशिक्याला जास्त होतं. मासळी आणि पेट्या उंच रचून वळणं घेणाऱ्या गाडीला एक ते दीड इंच, असं माझं मत. गंमत म्हणून जंगलात जाणाऱ्याचं माप वेगळं. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ०.९५ मीटरवर असेल, तर उलटण्याविरुद्धचा आकडा, म्हणजे निम्मं अंतर भागिले उंची, ०.७४ येतो. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर गेला की ०.७०. कमी वाटतं, पण वळणावर हा फरक तुम्हाला जाणवेल.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. किट बाजारात उघड मिळतं, यावरून ते चालतं असा निष्कर्ष काढू नका. ओरोसला परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

एक प्रश्न घेतो. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून चालेल का? नाही. एकच, घन, पाट्याच्या रुंदीचा, आणि तोही फक्त मागे, पुढच्या अ‍ॅक्सलला कधीच नाही. यू-बोल्ट नवे घ्या, जुने परत वापरू नका. काम झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवून ते पुन्हा आवळून घ्या, आणि आपल्या खाऱ्या हवेत दर पावसाळ्याआधी एकदा.